सायक्लोन असूनही फिल्टरमध्ये भुकटी का भरते? तपासणीची रीत, ड्रमपासून वर

सुतारकामाच्या शेडमध्ये सायक्लोन (मशीनवरून ओढलेल्या हवेतला भुसा फिल्टरआधीच वेगळा करणारे शंकूच्या आकाराचे भांडे) बसवला की सुरुवातीचे दिवस छान जातात. ड्रम भरला की रिकामा करायचा आणि पुढच्या कामाला लागायचे. मग हळूहळू ओढ कमी वाटू लागते, टेबल सॉच्या पात्याशेजारी भुसा साचायला लागतो, आणि फिल्टरखालचा डबा उघडावा तर तो काठोकाठ भुकटीने भरलेला. इथे बहुतेक जण फिल्टरला दोष देतात आणि नवा कार्ट्रिज (घड्या घातलेला फिल्टरचा नळकांडा) मागवतात. महिन्याभरात त्याचीही तीच गत होते. फिल्टर हा ओळीतला शेवटचा गडी आहे. पुढच्यांच्या हातून जे सुटते ते त्याच्या अंगावर येते. काय सुटते आहे ते त्याच्याकडे बघून कळेल. का सुटते आहे हे शोधायला मात्र खाली ड्रमपाशी जायचे आणि तिथून वर यायचे.

गोव्यात घराच्या पडवीत किंवा मागच्या शेडमध्ये छोटा कारखाना थाटणारे बरेच आहेत. कुंडई, बेतोडा, वेर्णा, थिवी इथल्या औद्योगिक वसाहतींत फर्निचरचे लहान-मोठे युनिट चालवणारेही आहेत. पहिल्यांदाच सायक्लोन घेतलेल्या किंवा पत्रा वळवून स्वतः बनवलेल्या अशा मंडळींसाठी ही माहिती आहे. आपले पावसाळी दमट हवामान, खारा वारा आणि ५० हर्ट्झची वीज यांमुळे सायक्लोन बनवायचे परदेशी नकाशे आणि सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते जिथे बदलतात तिथे मी थांबून सांगितले आहे.

आत घडते काय

मशीनवरून आलेली हवा सायक्लोनच्या वरच्या गोल भागात कडेने शिरते आणि भिंतीला लागून फिरत फिरत खाली उतरते. फिरताना जड कण भिंतीकडे फेकले जातात, भिंतीवरून घसरत शंकूच्या टोकाशी येतात आणि ड्रममध्ये पडतात. हवा तळाशी उलटते, मधोमध वेगाने फिरत वर चढते, मधल्या नळीतून ब्लोअरकडे (हवा ओढणाऱ्या पंख्याकडे) आणि तिथून फिल्टरमध्ये जाते. म्हणजे आत एकाच वेळी दोन भोवरे चालू असतात. बाहेरचा खाली उतरतो, आतला वर चढतो. बाहेरच्या भोवऱ्याने खाली आणलेली भुकटी आतल्याच्या तावडीत सापडली की ती फिल्टरमध्ये गेलीच म्हणून समजा. पुढे जे दोष सांगणार आहे त्यांतले बहुतेक शेवटी याच जागी येऊन मिळतात.

आता कणांचे. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचे वजन आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे भिंतीकडे फेकला जाण्याची त्याची ताकद झपाट्याने कमी होते आणि हवा नेईल तिकडे तो जातो. चांगला सायक्लोन साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण बहुतांशी पकडतो, त्याखाली त्याची पकड सैल होत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज घ्या. तेव्हा फिल्टरमध्ये काहीच येऊ नये अशी अपेक्षा धरू नका. थोडे येणारच. किती आणि कसले येते, हा खरा प्रश्न आहे.

हे एवढे मनावर घ्यायचे कारण सांगतो. सायक्लोनमधून सुटणारे हे बारीक कणच फुप्फुसात खोलवर जातात. अडीच मायक्रॉनचा कण निश्चल हवेतसुद्धा नाकाच्या उंचीवरून जमिनीवर पडायला दोनेक तास घेतो, आणि कारखान्यात हवा निश्चल कधी असते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची भुकटी माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग त्यात मुख्य आहे. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या भुकटीसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे, आणि ३ मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही येणार नाही इतकी भुकटी. शिसव आणि सागाच्या भुकटीने कातडीला खाज सुटणे, शिंका, दम लागणे हे आपल्याकडच्या मेस्तांना नवे नाही. जुने मेस्त ते धंद्याचा भाग म्हणून सोसत आले. आता ते सोसायची गरज नाही.

पहिली पायरी: फिल्टरमधली भुकटी बघा

काहीही खोलण्याआधी फिल्टरखालचा डबा रिकामा करा. मग जे काम तुम्ही नेहमी करता तेच करा. समजा सागाच्या फळ्या रंध्यावर काढल्या. ड्रममधला भुसा आणि फिल्टरच्या डब्यातली भुकटी वेगवेगळी तोला, साधा वजनकाटा पुरतो. टेबल सॉ आणि थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारे मशीन) यांच्या भुशासाठी माझा ठोकताळा असा: शंभर भागांत एखादा भाग फिल्टरमध्ये आला तर सायक्लोन ठीक चालला आहे. तीन-चार भाग येऊ लागले तर कुठेतरी दोष आहे. एमडीएफ कापताना किंवा सँडर चालवताना हा हिशेब लावू नका, कारण ती भुकटी मुळातच बारीक असते आणि तिचा मोठा वाटा फिल्टरकडे जातो.

वजनाइतकीच भुकटीची जातही महत्त्वाची. मास्क लावून थोडी चिमटीत घ्या आणि चोळा. मैद्यासारखी मऊ, बोटांच्या रेषांत बसणारी असेल तर ती सायक्लोनच्या आवाक्याबाहेरचीच होती. चोळताना रवाळ लागली, कण वेगळे जाणवले तर ते खरे ड्रममध्ये पडायला हवे होते. आणि रंध्याची एखादी जरी कुरळी साल फिल्टरच्या डब्यात सापडली तर वजन करत बसू नका. ड्रम तुंबला आहे, किंवा मधल्या नळीत मोठा घोटाळा आहे.

तारीख, काम आणि वजन ड्रमवरच खडूने लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तेच काम करून पुन्हा तोलायचे आहे.

दुसरी पायरी: ड्रम

दहांतली सात-आठ दुखणी इथेच सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

ब्लोअर सायक्लोनच्या पुढे बसलेला असतो, त्यामुळे चालू असताना सायक्लोन आणि ड्रम या दोघांच्या आत ओढ असते. ड्रमला कुठे बारीकशी फट असली की बाहेरची हवा तिथून आत घुसते. तिला जायला एकच वाट: शंकूच्या टोकातून वर. आतला भोवरा तिथेच सुरू होतो. खाली पडू पाहणारी भुकटी या उलट्या झोताने उचलली जाते आणि सरळ वर जाते. बाहेरून काही कळत नाही, कारण फटीतून भुसा बाहेर सांडत नाही, हवा आत जाते. फट असेल तर भुसा सांडलाच असता, असे वाटून लोक ड्रमकडे बघतही नाहीत. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे.

ड्रमचे झाकण उघडा आणि उलटे करून उजेडात धरा. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळीकडे भुकटीचा सारखा थर असतो. गॅस्केटपासून (झाकणाच्या कडेच्या मऊ पट्टीपासून) आतल्या बाजूला जाणारा एखादा स्वच्छ, पंख्याच्या आकाराचा पट्टा दिसला तर समजा की तिथून हवा आत येते आहे. त्या झोतानेच तेवढी भुकटी झाडली गेली आहे. असा पट्टा एकदा डोळ्यांना दिसू लागला की दुसऱ्या कुठल्या चाचणीची गरज फारशी पडत नाही.

पट्टा दिसला नाही तर दोन उपाय आहेत. रात्री दिवे मालवा, पेटवलेली एलईडी बॅटरी ड्रममध्ये ठेवा, झाकण घट्ट करा आणि बाहेरून फिरून बघा. उजेडाची रेघ दिसली तिथे फट. दुसरा उपाय जास्त पक्का आहे. सायक्लोनचे बाकी तोंड बंद करून घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा बाहेर फुंकणारा पाईप ड्रमला जोडा आणि सगळ्या सांध्यांवरून साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवा. फट असेल तिथे फुगे येतात. सिलिंडरची गळती तपासायची रीत तीच, फक्त इथे हवा आपण भरायची.

उदबत्ती पेटवून धूर कुठे ओढला जातो ते बघावे, ही युक्ती बहुतेकांना सुचते. ती करू नका. उदबत्तीचे जळते टोक ओढीत सापडून कोरड्या भुकटीच्या ड्रममध्ये गेले तर आग लागू शकते, आणि हवेत उडालेली बारीक भुकटी भडका घेते. तेवढ्यासाठी शिवणाचा दोरा किंवा टिश्यू पेपरची पट्टी सांध्याजवळ धरली तरी ओढ कळते.

फट बुजवायला दारांना लावतात ती चिकट फोमची पट्टी पहिल्यांदा चालते, पण दाबून दाबून ती चपटी होते आणि पुन्हा उठत नाही. त्यापेक्षा सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून किंवा बंद पोकळ्यांचा रबरी फोम लावून झाकणाला चार बाजूंनी टॉगल क्लॅम्प बसवा. दोनच क्लॅम्प असले की मधल्या भागात झाकण किंचित उचललेले राहते. ड्रम आणि शंकू जोडणारा लवचिक होज असेल तर तो तारेच्या क्लिपने आवळा. नुसती टेप पावसाळ्यात सुटते.

ड्रम कोणता घ्यावा, हेही याच ओघात. निळे प्लास्टिकचे पिंप स्वस्तात मिळते आणि हलकेही असते. पण सगळे ब्लास्ट गेट (प्रत्येक मशीनच्या पाईपवरची सरकती झडप) बंद असताना ब्लोअर चालू राहिला तर पातळ पिंप आत दबते, आणि दबले की झाकणाचा सांधा उघडतो. लोखंडी २०० लिटरचा ड्रम हा त्रास देत नाही. प्लास्टिकचेच वापरायचे असेल तर आतून प्लायच्या दोन गोल कड्या बसवा. ड्रमच्या आत प्लास्टिकची पिशवी लावणाऱ्यांनाही तोच इशारा: ओढीने पिशवी वर उचलली जाऊन शंकूचे तोंड अडवते. पिशवी लावायचीच असेल तर तिला आतून जाळीचा सांगाडा हवा.

आता ड्रम भरण्याबद्दल. आतला भोवरा शंकूच्या टोकाशी संपत नाही, तो ड्रममध्ये थोडा खाली उतरतो. भुसा तिथवर चढला की तोच भुसा पुन्हा उचलला जातो. म्हणून ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करायचा. एकदा तो काठोकाठ भरून शंकूत चढला तर पुढचा सगळा भुसा काही मिनिटांत फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन बसतो, आणि तो साफ करायला अर्धा दिवस जातो. थिकनेसर चालवत असाल तर हे फार झटपट होते. झाकणाला अॅक्रिलिकची छोटी खिडकी करून घ्या. खिडकीतून आणखीही एक गोष्ट दिसते: बॅटरी धरली की भुसा फिरत येऊन खाली बसताना दिसला पाहिजे. तो ड्रमच्या मधोमध तरंगत, घिरट्या घालत राहिला तर फट अजून शिल्लक आहे.

तिसरी पायरी: शंकू आणि मधली नळी

ड्रम ठीक असेल तर शंकूकडे वळा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या शंकूचे आपल्याकडचे दुखणे म्हणजे गंज. किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असते, आणि पावसाळ्यात ओलसर भुसा शंकूच्या तळाशी, सांध्यालगत चिकटून बसतो. त्याखाली पत्रा आतून खाल्ला जातो आणि टाचणीएवढी छिद्रे पडतात. बाहेरचा रंग शाबूत असतो, त्यामुळे दिसत नाही. आतून बॅटरी लावून बाहेरून बघण्याची चाचणी इथेही चालते. छिद्रे एक-दोन असतील तर फॉइल टेप आणि वर इपॉक्सी पुरे. पत्राच सच्छिद्र झाला असेल तर शंकूचा खालचा वीतभर भाग नव्या पत्र्याचा करून घ्या.

शंकूच्या आतली भिंत गुळगुळीत हवी. पॉप रिव्हेटची डोकी, सिलिकॉनचे ओघळ, पत्र्याच्या सांध्याची हवेच्या दिशेला तोंड करून उभी राहिलेली कड, पोचा: यातले काहीही भिंतीवरून घसरणाऱ्या भुकटीला आतल्या बाजूला उडवते, आणि आत वर चढणारा भोवरा तिची वाटच बघत असतो. हाताला हातमोजा घालून भिंतीवरून बोटे फिरवा. जिथे अडखळतील तिथे कानस चालवा. सांध्यावरचा पत्रा हवेच्या दिशेने वळलेला असावा, कौले जशी पाण्याच्या उताराला लावतात तशी.

मधली नळी हा दुर्लक्षित भाग. नळीचे खालचे टोक आत येणाऱ्या पाईपच्या तळाच्या कडेपेक्षा खाली उतरलेले असले पाहिजे. ती आखूड असेल तर आत शिरलेली हवा एक फेराही न मारता नळीत घुसते आणि भुशासकट ब्लोअरला भेटते. घरी बनवलेल्या सायक्लोनमध्ये हे हमखास आढळते. दुसरी गोष्ट म्हणजे नळी आणि वरचे झाकण यांचा सांधा. इथे फट असेल तर घाणेरडी हवा वरच्या वरच पलीकडे जाते. ड्रम कितीही घट्ट करा, फिल्टर भरतच राहतो. हा सांधा सगळ्यात वर आणि आत असल्याने कोणी बघत नाही. ब्लोअर उतरवून एकदा सिलिकॉनची गोट पूर्ण फिरली आहे का ते बघाच.

चौथी पायरी: हवा आत येते कशी

सायक्लोनच्या तोंडाशीच कोपराचा बेंड असेल तर हवा आत शिरतानाच उसळलेली असते आणि भिंतीला धरून राहत नाही. तोंडाआधी पाईपच्या व्यासाच्या पाचपट तरी लांबीचा सरळ, कडक पाईप हवा. सहा इंची पाईप असेल तर अडीच फूट. जागा कमी असते हे मला माहीत आहे, पण मशीनची जागा बदलून का होईना, हे अंतर मिळवा. वळ्या-वळ्यांचा होज या भागात अजिबात नको. त्याच्या आतल्या वळ्या हवा रोखतात आणि ढवळतात. होज फक्त मशीनजवळ, शेवटच्या दोन-तीन फुटांत.

पाईपमध्ये लाकडाचा भुसा वाहता राहायला हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. या वेगाने चार इंची पाईपमधून मिनिटाला जेमतेम ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीमधून साधारण ७८५. सायक्लोन सहा इंची तोंडाचा आणि मुख्य लाईन चार इंची टाकली, तर सायक्लोनला पुरेशी हवा कधीच मिळत नाही. आतले फिरणे मंद होते आणि कण भिंतीवर फेकले जात नाहीत. आपल्याकडे नळकामाचे पीव्हीसी पाईप सहज मिळतात म्हणून चार इंचीच सगळीकडे टाकली जाते. छोट्या मशीनच्या फांदीला ती ठीक, मुख्य लाईनला नाही.

यातूनच एक दुष्टचक्र तयार होते. फिल्टर तुंबतो, हवा कमी होते, हवा कमी झाली की सायक्लोन कमी पकडतो, फिल्टर आणखी तुंबतो. कारण शोधताना फिल्टर आधी साफ करून मगच मोजमाप करा, नाहीतर कारण कोणते आणि परिणाम कोणता ते कळत नाही.

सवयीचा भागही आहे. ब्लोअर आधी चालू करा, पूर्ण वेग आल्यावर मशीन. बंद करताना उलटे: आधी मशीन, मग लाईन रिकामी होईपर्यंत थांबून ब्लोअर. एका वेळी एकच गेट उघडे.

पाचवी पायरी: मोटर

हे दोन दोष इतके सोपे आहेत की कोणाच्या लक्षात येत नाहीत.

पहिला, मोटर उलटी फिरणे. थ्री फेजच्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलट दिशेने फिरते. ब्लोअर मात्र उलटा फिरूनही हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त फार कमी. त्यामुळे पंखा चालू, आवाज चालू, थोडी ओढही चालू, आणि काम होत नाही. पावसात खांब कोसळून तारा नव्याने जोडल्या, किंवा वायरमनने पॅनेल बदलले, की त्यानंतर लगेच ब्लोअर एक क्षण चालू-बंद करून इंपेलरची (ब्लोअरमधल्या पात्यांच्या चाकाची) दिशा बाणाशी ताडून बघा. थिकनेसरसारखी मशीन उलटी फिरली तर लगेच कळते, ब्लोअरचे कळत नाही.

दुसरा नकाशांतून येतो. इंटरनेटवरचे बरेच नकाशे अमेरिकेतले आहेत. तिथे वीज ६० हर्ट्झची, दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे ३४५० फेरे घेते. आपल्या ५० हर्ट्झवर तीच मोटर २८५० च्या आसपास फिरते. ब्लोअरची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात आणि ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे तोच इंपेलर इथे लावला तर हवा ८३ टक्के आणि ओढ जेमतेम ६८ टक्के. नकाशा तंतोतंत पाळूनही सायक्लोन मंद चालतो तो यामुळे. इथे इंपेलर मोठा लागतो. बनवून घेताना ५० हर्ट्झसाठी मोजलेलाच मागा आणि तो संतुलित करून घ्या. मोटरवरचा अँपिअरचा आकडा आणि चालताना क्लॅम्प मीटरवर दिसणारा आकडा जुळतो का तेही बघा. मोठ्या इंपेलरने मोटर ओव्हरलोड व्हायला नको.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा धरावा लागतो. तिरक्या पावसामुळे दारे-खिडक्या बंद, त्यामुळे फिल्टरमधून जे निसटते ते खोलीतच फिरत राहते. लाकूड दमट, भुसा दमट, तो शंकूत चिकटतो आणि फिल्टरच्या घड्यांत थापला जातो. चवथीच्या आधी मखर, चौरंग आणि घरांच्या दुरुस्तीची कामे एकदम येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत फिल्टर कोंदतो. मेच्या शेवटी एकदा ड्रमचे गॅस्केट, शंकूचा तळ आणि होजच्या क्लिपा बघून घ्या. पावसात रोज काम संपल्यावर ड्रम रिकामा करा, अर्धा असला तरी. ओल्या भुशाचा ढीग रात्रभर बंद ड्रममध्ये राहिला की बुरशी येते, आणि बुरशीचे कण भुकटीइतकेच वाईट.

फिल्टर साफ करणे

आता फिल्टरला हात लावायला हरकत नाही. एन९५ मास्क लावा आणि हे काम बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करा. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, थोड्या अंतरावरून, स्वच्छ बाजूने घाणेरड्या बाजूकडे सोडा. भुकटी कार्ट्रिजच्या आत साचत असेल तर बाहेरून आत. नोझल घडीला टेकवले तर कागद फाटतो, आणि फाटलेले डोळ्यांना दिसत नाही. आपटून झाडणेही तसेच घातक. कागदी कार्ट्रिज पाण्याने धुऊ नका. पॉलिएस्टरचा धुता येतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात तो पूर्ण वाळत नाही, म्हणून धुण्याचे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या.

कधी साफ करायचा हे अंदाजाने ठरवू नका. पारदर्शक नळीचा यू आकाराचा तुकडा फळीवर ठोका, त्यात रंग घातलेले पाणी भरा, एक टोक ब्लोअर आणि फिल्टर यांच्या मधल्या भागाला जोडा, दुसरे मोकळे सोडा. फिल्टर नवा असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो तिथे खूण करा. फरक दुप्पट झाला की साफ करा. साफ करूनही तो पहिल्या खुणेजवळ येत नसेल तर कार्ट्रिजचे आयुष्य संपले.

फिल्टरमधून खोलीत गळते का हे बघायला रात्री अंधार करून एकाच बाजूने बॅटरीचा झोत फिल्टरच्या सांध्यांवर आडवा टाका. झोतात धूर उठल्यासारखे दिसले तर सांधा किंवा कागद गेला.

हवा सरळ बाहेर सोडावी का?

थंड देशांतले लोक हवा आतच फिरवतात, कारण बाहेर सोडली तर खोलीची ऊब जाते. गोव्यात ती अडचण नाही, म्हणून फिल्टर काढून हवा बाहेर सोडण्याचा विचार इथे रास्त आहे. ओढ वाढते आणि बारीक कण खोलीत राहत नाहीत. पण बाहेर मोकळी जागा हवी. दाट वाड्यात शेजाऱ्याच्या दोरीवरच्या कपड्यांवर आणि त्याच्या पोरांच्या छातीत ती भुकटी जाणार असेल तर हा पर्याय विसरा. जागा असेल तर बाहेरच्या तोंडाला खाली वळलेला पावसाचा टोप आणि जाळी लावा, आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. खोली बंद राहिली तर ओढच लागत नाही. एसी असलेल्या खोलीत हे करू नका. बाहेरचा दमटपणा आत येतो आणि लाकूड फुगते.

जमलेल्या भुकटीचे काय करायचे

ड्रममधला निव्वळ लाकडाचा भुसा माडाच्या आळ्यात किंवा गुरांच्या गोठ्यात पसरायला चालतो. प्लाय, एमडीएफ किंवा पॉलिश केलेल्या लाकडाची भुकटी त्यात मिसळू नका. एमडीएफमध्ये फॉर्माल्डिहाइडचे रेझिन असते, ते मातीत नको आणि चुलीत तर नकोच. फिल्टरखालची बारीक भुकटी वेगळ्या पिशवीत, पाण्याचा हलका फवारा मारून, तोंड बांधून कचऱ्यात द्या. कोरडी भुकटी परसातल्या आगीवर ओतली तर ती हवेत पसरते आणि भडकून अंगावर येते. ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा लोखंडाचा कीस याच सायक्लोनमध्ये ओढू नका. धातूकामाला वेगळा व्हॅक्यूम ठेवा.